सफारीत कॅमेरा कशावर टेकवावा? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोठी लेन्स म्हटली की ट्रायपॉड हवाच, हा जंगल सफारीच्या तयारीतला सर्वांत रुजलेला गैरसमज. ताडोबासारख्या व्याघ्रप्रकल्पात सफारीच्या वाटेवर पर्यटकाला गाडीतून उतरता येत नाही. उघड्या जिप्सीत पर्यटक, चालक आणि गाइड बसल्यावर ट्रायपॉडचे पाय पसरायला जागाच उरत नाही. पसरले तरी तो गाडीबरोबर हलतो. मागच्या सीटवरून कोणी उठले तर ५०० मिलिमीटरच्या लेन्समधून पाहणाऱ्याला फ्रेम उसळलेली दिसते. लेन्स किती मोठी हे नंतर, आधी ती कुठे बसून वापरायची ते पाहावे लागते. ट्रायपॉडची खरी जागा म्हणजे पक्षी टिपण्यासाठी जमिनीवर उभारलेले लपण.

जिप्सीत सर्वांत उपयोगी पडते ती बीनबॅग, आणि सर्वांत स्वस्तही तीच. मात्र तिला नुसती उशी समजून थर्माकोलचे दाणे भरले जातात. दोन-तीन किलोच्या लेन्सखाली ते दबतात आणि लेन्स डुलू लागते. तांदूळ, राजमा किंवा वाटाणे जड असल्याने जागचे हलत नाहीत. पिशवी गच्च भरू नये. पाऊण भरली की मध्ये खळगा पडतो आणि लेन्स त्यात रुतून बसते. दूरच्या प्रवासात रिकामी पिशवी न्यावी. चंद्रपूर हा भाताचाच जिल्हा, तांदूळ तिथल्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. जिप्सीचा आडवा पाइप गोल असतो, त्यावरून साधी पिशवी घसरते. दोन्हीकडे खोगिरासारखी लोंबणारी जोडपिशवी टिकते.

मोनोपॉड लावला की फोटो हलणार नाही, हेही अर्धेच खरे. तो मुख्यतः वजन पेलतो. वाघ झुडपातून बाहेर येईल म्हणून बराच वेळ लेन्स रोखून बसणाऱ्याचे खांदे तो वाचवतो, पण इंजिन चालू असेल तर थरथर गाडीच्या तळातून थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचते. चालकाला गाडी बंद करायला सांगणे हा कुठल्याही उपकरणाहून मोठा उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असताना आधार कशाला, हा अलीकडचा समज. ढोबळ नियमाने ५०० मिलिमीटरची लेन्स हातात धरताना शटर निदान १/५०० सेकंद लागते. चार स्टॉपची यंत्रणा ते १/३० पर्यंत खाली आणू देते, पण ही सवलत हाताच्या कंपापुरतीच. चालत्या वाघाचे पंजे १/३० ला धूसर येणारच. धावत्या चितळाला १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर लागते. तिथे बीनबॅगचाही इलाज चालत नाही. पहाटेच्या मंद उजेडात निवांत बसलेल्या वाघासाठी मात्र दोन्हींची जोडी चांगली जमते.

होडीत हिशेब आणखी बदलतो. भिगवणला उजनीच्या पाणलोटात रोहित पक्षी टिपताना होडीच्या काठावर टेकवलेली लेन्स प्रत्येक हेलकाव्याबरोबर झुलते. तिथे हलकी लेन्स हातात धरून, कोपर अंगाशी घेऊन, शक्य तितके खाली बसणे बरे.