सर, एकदा बघता का?

लातूर रस्त्याने आलेली रिक्षा नांदेडच्या विष्णुपुरीत सरकारी रुग्णालयाशी रिकामी होते. सप्टेंबर आहे. पाऊस नाही, नुसता उकाडा. केसपेपरची रांग व्हरांडा ओलांडून पायऱ्यांवर आलीय. किनवट, देगलूर, बिलोली, पलीकडचे हिंगोली-परभणी, थोडे तेलंगणातलेही. मराठी, उर्दू, तेलुगू, गोरमाटी एकदमच कानावर येतात. ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्या चपला रांगेत उभ्या.

आत वळतो. जिन्याखाली पथाऱ्या, स्टीलचे डबे, वायरच्या पिशव्या. वॉर्डाच्या दारात एक आजी. नजर सुनेच्या सलाईनवर. बाटली तळाला गेलीय. आजी दोनदा तोंड उघडते, पदर सावरते, गप्प राहते. शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशीच हाक देतात, "ओ सिस्टर, पाच नंबरचं संपलं बघा."

बोलावं कसं, याचाच वर्ग वरच्या मजल्यावर भरलाय.

पुढच्या खुर्च्यांत डॉक्टर. मधे सिस्टर. मागे भिंतीला टेकून मामा आणि मावश्या. बसा म्हटलं तरी बसत नाहीत. कोण कुठे बसणार हे कुणीच ठरवलेलं नाही. हेच तर दुखणं.

नाटक सुरू होतं. बाळ दोन किलोचं. औषध द्यायचंय ०.५ मिली, पण शून्य लिहिलेलंच नाही आणि टिंब पुसट. दिसतात ५. सिस्टर झालेली मुलगी म्हणते, "सर, एकदा बघता का?" डॉक्टर झालेला मोबाइलमधून मान काढत नाही. "लिहिलंय ते द्या."

ती गप्प. हॉलही गप्प. पंख्याची घरघर तेवढी.

"तुम्ही विचारलंत, सांगितलं नाहीत," शिकवणाऱ्या मॅडम म्हणतात. काय दिसतंय, कशाची भीती वाटते, काय करायला हवं. एकदा ऐकलं नाही तर पुन्हा. तरी नाही, तर हात थांबवायचा आणि वरिष्ठांना फोन. दाखल रुग्णांपैकी दहांत साधारण एकाला उपचारातूनच इजा होते, असा जगभरचा अंदाज. निम्म्याहून जास्त इजा टळण्याजोग्या. शस्त्रक्रियेआधी-नंतर तपासायची १९ मुद्द्यांची यादी २००८ मध्ये आली. त्यातला एक मुद्दा फक्त एवढाच: प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. नाव घेतलेल्या माणसाला टोकणं सोपं जातं. २०१९ पासून १७ सप्टेंबर रुग्णसुरक्षेचा दिवस. इथे त्या दिवशी मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन असतं, हे मॅडमनाही ठाऊक आहे. म्हणून वर्ग आधीच उरकून घेतायत.

"माणसंच कमी, मॅडम. बोलून काय होतंय?" मधल्या रांगेतून आवाज. खोटं नाही ते. मॅडमही खोडून काढत नाहीत.

मुलगी पुन्हा उभी राहते. "सर, बाळ दोन किलोचं आहे. पाच मिली म्हणजे दहापट. मला भीती वाटते. तपासल्याशिवाय मी देणार नाही." शेवटच्या वाक्याला आवाज कापतो.

आता डॉक्टरांची पाळी. उत्तर पाठ करायचंय: "बरं केलंत, सांगितलंत. थांबा, बघतो." हे जास्त अवघड जातंय. एक जण शेवटी "पण" जोडतो. मॅडम तो काढायला लावतात. तो पुन्हा जोडतो.

मग अदलाबदल. एक मावशी डॉक्टर होतात, निवासी डॉक्टर सिस्टर. मावशी ऐटीत खुर्चीत बसतात, न बघताच म्हणतात, "लिहिलंय ते द्या." हॉल खदखदून हसतो. हे कुणी शिकवलेलं नाही.

सिस्टर झालेला डॉक्टर हसता हसता थांबतो. "मॅडम, ते जरा..."

"जरा नको," मॅडम म्हणतात. "आकडा सांगा."