चित्रांतल्या कसरतपटूचें वजन

पडद्यावर एक आकृति धांवत येते, हातांवर उलटते, मागें कोलांटी घेते आणि पुन्हां पायांवर उभी राहते. तिचे अवयव रेखीव आहेत, रंग उत्तम आहेत, एकहि अवयव वेडावांकडा झालेला नाहीं. तरीहि पाहणाऱ्याचें मन जागचें हलत नाहीं. डोंबाऱ्याची मुलगी दोरावर चढली म्हणजे आपल्या छातींत धस्स होतें. येथें मात्र आपण स्वस्थ बसून राहतों. याचें कारण काय? कारण असें कीं, या आकृतीला वजन नाहीं. जिला वजन नाहीं ती पडूं शकत नाहीं, आणि जी पडूं शकत नाहीं तिच्या उडीचें कौतुक कोणाला वाटणार?

चित्रांना चालतें करण्याच्या या विद्येला ॲनिमेशन म्हणतात, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. संगणकावर तें करण्याच्या दोन रीति आहेत. एका रीतींत खऱ्या माणसाच्या अंगावर खुणा लावून त्याची हालचाल यंत्रानें टिपून घेतात. दुसऱ्या रीतींत कलावंत मुख्य मुख्य ठेवणी स्वतः ठरवितो व मधल्या जागा संगणक भरून काढतो. या दुसऱ्या रीतींत आपोआप कांहींच येत नाहीं; वजनसुद्धां हातानेंच घालावें लागतें.

उडत्या देहाचा अभ्यास जुना आहे. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानें १८७८ सालीं अमेरिकेंत धांवत्या घोड्याचीं क्रमवार छायाचित्रें घेतलीं, हें पुष्कळांनीं ऐकलेलें असतें. पुढच्याच वर्षीं त्यानें कोलांट्या घेणाऱ्या व्यायामपटूंनाहि कॅमेऱ्यांच्या रांगेपुढें उभें केलें, हें फारसें सांगितलें जात नाहीं. १८८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संग्रहांत ७८१ चित्रफलक आहेत, आणि आजचे कलावंतहि ते पुढें घेऊन बसतात. मग हीं छायाचित्रें गिरवलीं कीं काम झालें, असें कोणी म्हणेल. तोहि प्रयोग होऊन गेला आहे. मॅक्स फ्लायशर यानें चित्रपटाचें एकेक चित्र कांचेवर पाडून तें गिरविण्याचें यंत्र काढलें व १९१७ सालीं त्याचा हक्क मिळविला. परंतु डिस्नेच्या चित्रशाळेंतील दोन ज्येष्ठ कलावंत, फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन, यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे कीं, नुसतें गिरवलेलें चित्र जिवंत वाटत नाहीं. काय उचलावें, काय सोडावें आणि काय वाढवावें, हें कलावंतानेंच ठरवावें लागतें.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. चित्रपटांत एका सेकंदांत २४ चित्रें जातात. जागेवरून मागें कोलांटी घेणाऱ्या माणसाचें शरीर वर चढण्यास ७ चित्रें व उतरण्यास ७ चित्रें दिलीं, तर गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबानें तें सुमारे ४२ सेंटिमीटर उंच जातें. हें माणसाला शोभणारें आहे. तीच उंची ठेवून कोणी चढण्यास १७ चित्रें दिलीं, तर ती उडी चंद्रावरची झाली! नवशिक्यांच्या बहुतेक उड्या अशा चंद्रावरच्याच असतात. कोलांटी नीट दिसावी म्हणून ते तिला वेळ वाढवून देतात, आणि तेथेंच वजन नाहींसें होतें.

वेळ बरोबर असूनहि अंतरें चुकूं शकतात. गॅलिलिओनें दाखविलें कीं, पडणारी वस्तु सारख्या कालखंडांत १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणांत खालीं येते. आपल्या कोलांटींत शिखरापासून पहिल्या चित्रांत शरीर जेमतेम १ सेंटिमीटर उतरतें, तर सातव्यांत सुमारे ११ सेंटिमीटर. याचा परिणाम मोठा मौजेचा आहे. हवेंतील एकूण वेळेपैकीं अर्धा वेळ शरीर उंचीच्या वरच्या चतुर्थांशांत घालवितें. कसरतपटु क्षणभर अधांतरीं थांबला असें जें आपणांस वाटतें, त्याचें रहस्य हेंच. संगणकाचा स्वभाव मात्र निराळा. त्याला मोकळा सोडला तर पॅसेंजर गाडी प्रत्येक स्टेशनांत जशी हळूहळू थांबते, तसा तो प्रत्येक मुख्य ठेवणीपाशीं मंद होतो. जमीन सोडतांनाहि मंद, जमिनीवर येतांनाहि मंद. वस्तुतः या दोन्ही क्षणीं शरीराचा वेग सर्वांत अधिक असतो. ही एक खोड सुधारली तरी अर्धें काम होतें.

हा मार्ग शरीराच्या कोणत्या बिंदूचा? येथें चांगले चांगले फसतात. संगणकांतील बाहुल्याची सारी हालचाल बहुधा कंबरेच्या खुंटीवरून चालते. म्हणून कंबरच अन्वस्त वक्रावर नेण्याचा मोह होतो. परंतु निसर्गाचा नियम गुरुत्वमध्याला लागू आहे, कंबरेला नव्हे. ताठ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य कंबरेच्या आसपास असतो. गुडघे छातीशीं घेतले कीं तो पोटाकडे पुढें सरकतो. कंबरेनें त्याच्याभोंवतीं फिरलें पाहिजे. तिला सरळ वक्रावर बांधली तर बाहुलें सळईंत ओंवल्यासारखें दिसतें.

गिरकीचेंहि असेंच. पायांनीं जमीन सोडली कीं तेथून घेतलेली फिरण्याची शक्ति हवेंत वाढवितां येत नाहीं. मात्र अंग आंखडून ती निराळ्या तऱ्हेनें खर्च करतां येते. शरीर गोळा केलें म्हणजे तें ताठ असतांना फिरलें असतें त्याच्या सुमारे तीन-चार पट वेगानें फिरतें. म्हणून १४ चित्रांपैकीं पहिल्या तीनांत थोडी गिरकी, मधल्या आठांत बहुतेक सगळी, आणि शेवटच्या तीनांत अंग उलगडून पुन्हां थोडी, अशी वांटणी करावी. गिरकी सर्व चित्रांत सारखी वांटली तर माणसाचा कुंभाराचा चाक होतो.

उडीचें वजन हवेंत कमी आणि जमिनीवर अधिक दिसतें, असें माझें मत आहे. उडण्यापूर्वीं गुडघे किती वांकले, हात किती मागें गेले, यावरून प्रेक्षक देहाचा भार ओळखतो. उतरतांना पाऊल एका चित्रांत थांबतें, परंतु कंबर थांबत नाहीं. ती आणखी ३० सेंटिमीटर खालीं जाते व त्यास सुमारे ५ चित्रें लागतात. पाऊल व कंबर एकाच क्षणीं थांबलीं कीं बाहुलें पुठ्ठ्याचें वाटतें.

ओघ म्हणजे गुळगुळीतपणा नव्हे. ज्या अवयवांत जोर आहे तो आधीं निघतो, बाकीचे त्याच्यामागून येतात. कंबर वळली कीं छाती, मग खांदा, कोंपर, मनगट, आणि शेवटीं बोटें. थांबतांनाहि सारे एकदम थांबत नाहींत. मनगटाचा व टांचेचा मार्ग चित्रागणिक ठिपके देऊन पाहावा. ठिपके वक्ररेषेंत असावेत; एखादा बाहेर पडला तर तेथें धक्का बसणार. दोन-तीन चित्रांचें मागें राहणें पुरे होतें. अधिक केलें तर माणूस पाणवनस्पतीसारखा डुलूं लागतो.

शिकणाऱ्यानें आरंभ माणसापासून करूं नये. चेंडू उसळविण्याचा जुना धडा प्रथम गिरवावा. जड व हलका असे दोन चेंडू केवळ वेळ व अंतर यांवरून ओळखूं आले म्हणजे पुढें जावें. मग मल्लखांबाच्या आखाड्यांत जाऊन खांबावरून उडी टाकणाऱ्या मुलाच्या कंबरेकडे पाहावें, चेहऱ्याकडे नव्हे. पालकांनीं, संगणकापुढें तासभर एकच उडी पुनःपुन्हां पाहणारा मुलगा खेळतच आहे असें समजून रागावूं नये. तो त्या वेळीं गणित व पदार्थविज्ञान दोन्ही करीत असण्याचा पुष्कळ संभव आहे.

शेवटीं एक लहानशी युक्ति सांगतों. व्यायामस्पर्धेंत उतरल्यावर एक पाऊल सरकलें तर परीक्षक गुण कापतात. चित्रांत मात्र तें पाऊल मुद्दाम घालावें. कंबर खालीं जाऊन वर येऊं लागली कीं टांच किंचित् उचलावी, उजवें पाऊल अर्धी वीत मागें न्यावें, दोन्ही हात तोल सांवरण्यासाठीं उघडावे, आणि मगच आकृतीला ताठ उभी करावी.