दुसरी गिटार

घरात एक गिटार असताना दुसरी आणायची म्हटले की घरची माणसे आधी आपल्या तोंडाकडे पाहतात आणि मग पाकिटाकडे. त्यातून ती हवाईयन गिटार, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची! ‘एक आहे ना, मग आणखी कशाला?’ हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच दुकानाची पायरी चढण्यापूर्वी त्याचे उत्तर आपल्यापाशी हवे.

हे वाद्य मूळचे हवाई बेटांतले. १८८९ च्या सुमारास जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने ही वादनाची रीत काढली, असे मानतात. १९४० च्या दशकात ताऊ मो हे हवाईयन वादक कलकत्त्यात राहिले, त्यांनी तेथे वाजवले, शिकवले आणि वाद्य आपल्याकडे रुजले. व्हॅन शिपले यांनी त्यावर सिनेमाची गाणी वाजवली, ब्रिजभूषण काब्रा यांनी राग वाजवले. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ज्यांनी ऐकली, त्यांना या वाद्याची मींड काय चीज आहे हे सांगायला नको.

आमची मंडळी रविवारी जमते. पेटी, तबला, गाणारे दोघे आणि मी. कार्यक्रम असा नसतोच. कुणी चाल धरली की बाकीच्यांनी मागोमाग जायचे. माझी पहिली गिटार लाकडी, पोकळ पोटाची. तारा सा-प-सा-ग-प-सा अशा लावलेल्या. एकट्याने चाल वाजवायला ती झकास! पण तबला सुरू झाला की तिचा आवाज बुडतो. आणि कोमल गंधाराचे गाणे आले की सगळ्या तारा एकत्र छेडायची सोय नाही, कारण त्यांत शुद्ध गंधार ठाण मांडून बसलेला!

तेव्हा दुसरी हवी ती या दोन उणिवा भरून काढणारी. तारा सा-ग-प-ध-सा-ग अशा लावल्या, तर खालच्या सा-ग-प या तीन तारांत मेजर मिळतो आणि वरच्या ध-सा-ग या तीन तारांत मायनर. हेच पहिल्या गिटारीवर करता येणार नाही का? येईल, पण दर गाण्याला खुंट्या पिळायच्या, तारा तोडायच्या आणि तोवर मंडळींनी चहा पीत बसायचे!

आवाजासाठी विजेची गिटार घ्यावी. १९३२ साली बाजारात आलेली रिकनबॅकरची पहिली विजेची गिटार ॲल्युमिनियमची होती. आकारावरून तिला ‘फ्राइंग पॅन’ हेच नाव पडले. रंगमंचावरच्या दिव्यांनी धातू तापे आणि सूर हले. आपल्या उकाड्यात भरीव लाकूडच बरे. तारेची लांबी साडेबावीस इंच असली तर खुणेच्या रेघा जवळ येतात आणि कांडी तिरपी धरणे सोपे जाते. आठ तारांचा मोह आवरावा. बैठकीत डोळे तारांवर नव्हे, गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर हवेत.

दुकानात गेल्यावर रंगाला भुलू नका. कांडी सगळ्या तारांवर ठेवा. एखादी तार खाली राहून खरखरली, तर तारा एका पातळीत नाहीत. बाराव्या रेघेवर सूर बरोबर दुप्पट चढतो का, ते पाहा. खुंट्या अडखळतात का, आवाजाचे बटण फिरवताना चरचरते का, ट्यूबलाइटजवळ गिटार गुणगुणते का, हेही पाहा.

आणि एक करा. आपल्यातल्या गाणाऱ्याला बरोबर न्या. त्याने हळू गुणगुणावे, तुम्ही त्याच्याहून हळू वाजवावे. एवढ्या कमी आवाजातही जिचा सूर भरलेला राहील, ती घ्या. त्याला आवाज चढवावा लागला, तर ती कितीही देखणी असो, दुकानदाराला नमस्कार करून जागेवर ठेवा.