झोळी आणि कायदा

दारी येऊन पदर किंवा झोळी पसरणारा प्रत्येक मनुष्य दारिद्र्यापोटीच येतो, हा समज इतका रूढ आहे की, नवरात्रात किंवा मंगळवारी-शुक्रवारी खात्यापित्या घरची सुवासिनी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागते, तेव्हा ती त्याला आपल्या डोळ्यांदेखत खोटे पाडीत असते, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तिला मूठभर पिठाची ददात नसते, देवीपुढे आपला ताठा तेवढा उतरवून ठेवावयाचा असतो.

भिक्षा म्हणजे आळशांस दिलेली मोकळीक, असेही म्हटले जाते. वस्तुतः धर्मशास्त्राने ही मुभा मुख्यत्वे ब्रह्मचारी आणि संन्यासी यांना दिली, व तीही एकाच घरावर भार टाकू नये, उद्यासाठी साठवू नये, असे निर्बंध घालून. बौद्ध भिक्षू तर पात्र घेऊन मुकाट्याने उभा राहतो आणि मध्याह्नानंतर जेवत नाही. पुण्यात माधुकरीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या झोळीत आमटीसाठी निराळे भांडे असे. त्यात चार घरच्या चार आमट्या एक होत, आणि ते मिश्रण रोज गिळून व्याकरण घोकणाऱ्यास आळशी म्हणण्याचे धाडस निदान मी तरी करणार नाही.

भिक्षेकरी काही न देता घेतो, हा आक्षेप वासुदेवाला तर मुळीच लागू नाही. मोरपिसांची टोपी घालून, टाळ-चिपळ्यांच्या नादात पहाटे गाव जागविणारा हा मनुष्य सुपातले धान्य स्वतःच्या नावे जमाही करीत नाही. पंढरीचा विठोबा, जेजुरीचा खंडोबा अशा देवांच्या नावे तो दानाची पावती देतो. परंतु मुंबई राज्याच्या 1959 च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे या सबबींखाली सार्वजनिक जागी दान मागणे हीही भीकच ठरविली, आणि पहिल्याच अपराधाला तीन वर्षांपर्यंत भिक्षेकरीगृहात डांबण्याची तजवीज केली. दिल्लीस लागू असलेल्या या कायद्यातील शिक्षेच्या मुख्य तरतुदी तेथील उच्च न्यायालयाने 2018 साली घटनाबाह्य ठरविल्या.

त्याच वर्षी, 1 जुलै रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी जमातीच्या पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ते तेथे आपल्या रिवाजाप्रमाणे भिक्षेसाठी आले होते.