हस्ताक्षरी वळणाचा फॉन्ट

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत कुंभार पिंपळगांव आहे, आणि त्याच तालुक्यांत समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणानें केला आहे. अक्षर वाटोळें व मोकळें असावें, ओळी नेटक्या असाव्यात, पानाच्या कडेला कोरी जागा सोडावी, आणि पहिल्या अक्षराचें वळण ग्रंथ संपेपर्यंत पालटूं नये, असा त्यांचा उपदेश आहे.

यांतील शेवटची अट मानवी हाताला मोठी अवघड. यंत्रानें मात्र ती तंतोतंत पाळली. छापखान्यांतील खिळा असो वा संगणकावरील फॉन्ट असो, पहिला 'क' आणि हजारावा 'क' यांत तिळमात्र भेद नाहीं. मौज अशी कीं, हें साधल्यावर माणसाला हाताच्या अनियमितपणाचीच ओढ लागली. हस्ताक्षरी वळणाचे फॉन्ट हे त्या ओढीचेंच फळ होय.

इंडियन टाइप फाउंड्री या संस्थेनें २०१४ सालीं प्रसिद्ध केलेला 'कलम' हें याचें चांगलें उदाहरण आहे. त्यांतील देवनागरी अक्षरें लिपि रावल यांनीं आणि रोमन अक्षरें जॉनी पिनहॉर्न यांनीं रेखाटलीं. हीं अक्षरें बॉलपेनानें सहज लिहिल्यासारखीं उजवीकडे झुकलेलीं आहेत. तथापि शिरोरेषा जागच्या जागीं आहे. घाईंत लिहितांना पुष्कळ जण ती गाळतात. येथें ती राखल्यामुळें शब्द एकसंध दिसतो व वाचणारा अडखळत नाहीं.

असें अक्षर वापरावें कोठें? जेथें एक माणूस दुसऱ्याशीं बोलत आहे असें वाटावयास हवें, तेथें. मुंजीचें आमंत्रण, बालपुस्तकांतील पात्राचें संभाषण, चित्राखालील टीप, लोणच्याच्या बरणीवरील चिठ्ठी हीं त्याचीं योग्य स्थळें. उलट औषधाचें प्रमाण, करारनामा किंवा न्यायालयाची नोटीस यांत वाचकाला जिव्हाळा नको असतो, निश्चिती हवी असते. दीर्घ मजकूरहि यांत जुळवूं नये. तिरप्या अक्षरांनीं डोळे शिणतात. आकारहि फार लहान घेऊं नये, कारण वेलांट्या व मात्रा एकमेकींत गुंततात. बारीक अक्षर म्हातारपणीं उपयोगीं पडत नाहीं, हा समर्थांचा इशारा येथेंहि लागू पडतो.

या फॉन्टला एक मर्यादा मात्र आहे. एका ओळींत तीन वेळां 'म' आला कीं तिन्ही हुबेहूब दिसतात, आणि डोळा यंत्राला ओळखतो. कुंभाराच्या चाकावरचीं दोन मडकीं सारखीं असतात, पण हुबेहूब नसतात. हुबेहूब असतात तीं सांच्यांतलीं. म्हणून शंभर घरीं जाणारी पत्रिका खुशाल छापावी. परंतु सांत्वनाचें पत्र, अक्षर कितीहि वेडेंवांकडें असो, आपल्याच हातानें लिहावें.