राष्ट्रीयीकृत बँका आणि लोकव्यवहाराची भाषा

बँक ही केवळ पैशाची देवघेव करणारी संस्था आहे, असे मानणे अपुरे आहे. ज्या समाजात ती काम करते, त्या समाजाशी ती कागदांच्या द्वारे बोलत असते. खाते उघडण्याचा अर्ज, पासबुक, कर्जाचा करारनामा, थकबाकीची नोटीस हे सारे या बोलण्याचेच प्रकार होत. हा कागद कोणत्या भाषेत लिहिला जातो आणि ज्याच्यावर तो बंधनकारक असतो त्याला तो कितपत उमगतो, हा प्रश्न बँक खाजगी भागधारकांची असताना कदाचित गौण ठरला असेल. ती राष्ट्राच्या मालकीची झाल्यावर मात्र तो गौण राहू शकत नाही. मोठ्या राष्ट्रीय बँकांच्या लोकजीवनातील कार्याचा विचार येथे या दृष्टीने करावयाचा आहे.

१. पेढी आणि खत

आधुनिक बँका येण्यापूर्वीही मराठीत पतव्यवहाराची परिभाषा समृद्ध होती. ‘पेढी’ हा शब्द संस्कृत ‘पीठिका’ या शब्दावरून आला आहे. ‘बँक’ या शब्दाच्या मुळाशीही इटालियन सराफाचे बाक आहे. म्हणजे दोन दूरच्या समाजांनी सराफाच्या बैठकीवरूनच त्याच्या संस्थेला नाव दिले. ‘ठेव’ हा शब्द ‘ठेवणे’ या नित्याच्या क्रियापदापासून झालेला. ‘रक्कम’ आणि ‘जामीन’ हे अरबीतून फारसीच्या वाटेने आलेले. ‘व्याज’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ मिष किंवा कपट असा आहे. मराठीत तो पैशाच्या वाढीचा वाचक झाला. मूळ कोणतेही असो, हे शब्द कुणब्याच्या तोंडी रुळलेले होते आणि त्यांचा अर्थ त्याला पक्का ठाऊक होता.

परंतु शब्द ठाऊक असणे वेगळे आणि दस्तऐवज वाचता येणे वेगळे. सावकाराचे खत लिहिणारा एक, वाचणारा तोच आणि खाली निशाणी करणारा दुसरा, अशी स्थिती होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. त्या उठावात जमावाचा रोख मुख्यतः सावकारांकडील खतांवर व रोख्यांवर होता. ते हस्तगत करून जाळणे हा त्याचा प्रधान हेतू होता. त्यानंतर १८७९ साली झालेल्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्यात व्याजाची चौकशी करण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. त्याचबरोबर शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर व्हावेत आणि त्याला पावती व हिशेब मिळावा, अशीही तरतूद झाली. कर्जाचा जाच केवळ दरात नसतो, तो न समजणाऱ्या कागदातही असतो, याची ही कायद्याने दिलेली कबुलीच होय.

२. मालकीतील पालट

बंगाल, मुंबई व मद्रास येथील तीन इलाखा बँका एकत्र होऊन १९२१ साली इंपीरियल बँक स्थापन झाली. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या शिफारशीनुसार १ जुलै १९५५ रोजी तिचे रूपांतर भारतीय स्टेट बँकेत झाले आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर आली. १९ जुलै १९६९ रोजी पन्नास कोटी रुपये किंवा त्याहून अधिक ठेवी असलेल्या चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यासंबंधीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी १९७० रोजी रद्द ठरविला. चारच दिवसांनी नवा अध्यादेश निघाला आणि राष्ट्रीयीकरण कायम राहिले. १९८० साली आणखी सहा बँका सरकारी मालकीच्या झाल्या.

या चौदा बँकांत १९३५ साली पुण्यात स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र होती. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ साली क्षेत्रवार दृष्टिकोन मांडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अग्रणी बँक योजना सुरू झाली. या योजनेनुसार एकेका जिल्ह्याच्या पतपुरवठ्यात पुढाकार घेण्याचे काम एकेका बँकेकडे सोपविण्यात आले. पुणे जिल्हा बँक ऑफ महाराष्ट्रकडे गेला, कोल्हापूर बँक ऑफ इंडियाकडे. जून १९६९ मध्ये देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९० च्या सुमारास ही संख्या साठ हजारांच्या घरात गेली.

या काळात ‘पत’ या शब्दाचा आशयही पालटला. मराठीत पत म्हणजे कर्ज मिळण्याची योग्यता, तशीच अब्रूही. पूर्वी ती घराण्यावर, जमिनीवर व ओळखीवर अवलंबून असे. राष्ट्रीयीकरणानंतर शेती, लघुउद्योग व दुर्बल घटक यांना अग्रक्रमाने कर्ज देण्याचे धोरण आले. पत ही माणसाच्या मागच्या पिढ्यांवर नव्हे, तर त्याच्या हाती असलेल्या कामावर ठरावी, असा त्यामागील विचार होता. हा विचार व्यवहारात सर्वत्र उतरला असे नाही. थकबाकी वाढली, वशिलाही चालला. तरीही बँकेचा उंबरठा ज्यांनी कधी ओलांडला नव्हता, अशा असंख्य कुटुंबांशी बँकांचा प्रथमच संबंध आला, हे नाकारता येत नाही.

३. तीन शब्द, एक वस्तू

शाखा गावात पोचली. भाषा कितपत पोचली? एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. कर्जदाराची वस्तू त्याच्याच ताब्यात राहते, पण तिच्यावर धनकोचा हक्क चढतो, अशा तारणाला इंग्रजी करारनाम्यात ‘हायपोथिकेशन’ म्हणतात. शासकीय हिंदीत त्यासाठी ‘दृष्टिबंधक’ हा शब्द आहे. मराठीत, विशेषतः सहकारी पतसंस्थांच्या व्यवहारात, ‘नजरगहाण’ हा शब्द रूढ आहे आणि त्याच्या जोडीला ‘ताबेगहाण’ हा शब्दही आहे. बैल गोठ्यातच राहील, नजर मात्र बँकेची, हा सारा अर्थ ‘नजरगहाण’ या एका समासात आलेला आहे. या तिन्ही शब्दांपैकी शेवटच्याच शब्दाला शेतकऱ्याच्या बाबतीत स्पष्टीकरण लागत नाही. राष्ट्रीय बँकांच्या करारनाम्यांत मात्र बहुधा पहिलाच आढळतो.

याचे कारण केवळ उदासीनता नव्हे. अखिल भारतीय बँकेला एकच नमुना सर्व राज्यांत वापरणे सोयीचे असते आणि न्यायालयात टिकण्याच्या दृष्टीने इंग्रजी मसुदा तिला सुरक्षित वाटतो. केंद्राच्या मालकीमुळे १९७६ च्या राजभाषा नियमांनुसार हिंदीचा वापर तिला करावा लागतो. त्या नियमांत महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात आहे. सामान्य ग्राहकांसाठीचे छापील साहित्य इंग्रजी, हिंदी व प्रादेशिक भाषा अशा तिन्ही भाषांत असावे, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. परिणामी पैसे भरण्याच्या चिठ्ठीवर मराठी आली. परंतु कर्जाच्या करारनाम्यात तिला मिळालेले स्थान बहुधा अखेरच्या ओळीपुरतेच राहिले: मजकूर वाचून व समजावून सांगितला असून तो मला मान्य आहे, या अर्थाच्या ओळीपुरते. चिठ्ठी चुकली तर ती पुन्हा लिहिता येते. करारनामा तसा पुन्हा लिहिता येत नाही.

भाषाशुद्धीचा आग्रह हा यावरील उपाय नव्हे. ‘अधिकोष’ हा शब्द घडविला गेला, पण लोकांनी ‘बँक’ हाच शब्द स्वीकारला आणि त्यात कोणाचे नुकसान झाले नाही. ‘धनादेश’ छापण्यात आला, बोलण्यात ‘चेक’ राहिला. शब्द परका आहे की स्वकीय, हा मुख्य प्रश्न नाही. त्यातून होणारे बंधन ऐकणाऱ्याला कळते की नाही, हा आहे.

४. अर्थभेदाची किंमत

ओळखीचा शब्दही फसवा ठरू शकतो. २००८ च्या केंद्रीय योजनेला सर्वत्र ‘कर्जमाफी’ म्हटले गेले. प्रत्यक्षात दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्या पात्र शेतकऱ्यांनाच पूर्ण माफी होती. इतरांना सर्वसाधारणपणे थकबाकीचा ७५ टक्के भाग भरल्यावर उरलेल्या २५ टक्क्यांची सूट मिळावयाची होती. म्हणजे एकाला माफी, दुसऱ्याला सवलत. नाव मात्र एकच. कोरडवाहू मुलखात जमीन अधिक व उत्पन्न थोडे असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोन अर्थांतील अंतर म्हणजे त्याची तीन चतुर्थांश थकबाकी होती.

विलीनीकरणानंतर एप्रिल २०२० मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांची संख्या बारा झाली. बँका मोठ्या झाल्या, तसा एकच नमुना सर्वत्र वापरण्याचा मोहही वाढणे स्वाभाविक आहे. या पार्श्वभूमीवर रिझर्व्ह बँकेचे १५ एप्रिल २०२४ चे परिपत्रक महत्त्वाचे ठरते. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी आणि लहान व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी व्याज, शुल्क व एकंदर खर्च यांचे मुख्य तपशीलपत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावे, ते समजावून सांगावे आणि त्याची पोच घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. १८७९ च्या कायद्यामागील तत्त्वच येथे नव्या रूपात दिसते.

हे तपशीलपत्रक म्हणजे संपूर्ण करारनामा नव्हे; आणि ‘समजावून सांगितले’ ही ओळ छापणे म्हणजे समजावणेही नव्हे. राष्ट्रीयीकरणाने बँकांची मालकी बदलली, शाखाविस्ताराने त्यांचे अंतर कमी केले. ज्याच्या नावे कर्ज लिहिले जाते त्याला ते स्वतः वाचता येईल, तेव्हाच त्या बँका खऱ्या अर्थाने लोकांच्या झाल्या असे म्हणता येईल. त्यासाठी नवी परिभाषा घडविण्याची फारशी गरज नाही. पेढीवर आणि शेतावर पूर्वीपासून चालत आलेली परिभाषा करारनाम्यात आणण्याची गरज आहे.