ब्रिटनमधील आपली माणसे आणि मधुमेह

आपल्या वयाची चार माणसे एकत्र बसली की दोन प्रश्न ठरलेले असतात: गुडघे कसे आहेत आणि साखर किती आहे. मधुमेह म्हणा, इस्राएलमधील आपले नातलग म्हणतात तसे सुकेरेत म्हणा, आपल्या घरांत तो आता पाहुणा राहिलेला नाही. त्यावर बोलणे निघाले की एक वाक्य हमखास कानावर येते: "इंग्रजी खाण्याने हे झाले, घरचेच खाल्ले असते तर झाले नसते." हे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्याकडे आपण सहसा पाहत नाही.

पश्चिम लंडनमधील साउथॉल भागात १९८०च्या दशकाच्या अखेरीस ४० ते ६९ वर्षांच्या लोकांची मोठी तपासणी झाली. डॉ. पॉल मॅकीग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली तिचे आकडे प्रसिद्ध केले. गोऱ्या लोकांत शंभरात चौघांना मधुमेह होता, तर भारतीय उपखंडातून आलेल्यांत शंभरात एकोणिसांना. त्यात बेने इस्राएल असा वेगळा गट नव्हता, बहुतेक पंजाबी होते. पण आपण त्याच उपखंडाचे, म्हणून त्यांचा आकडा आपल्यालाही लागू मानावा हे बरे. हीच माणसे पुढे वीस वर्षे पाहिली गेली. वयाच्या ऐंशीपर्यंत आपल्याकडच्या आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांपैकी जवळजवळ निम्म्यांना मधुमेह झाला. गोऱ्यांत हे प्रमाण त्याच्या निम्मे होते.

मग ही माणसे खात काय होती? वायव्य लंडनमधील आशियाई कुटुंबांच्या आहाराची पाहणी १९८५ साली प्रसिद्ध झाली होती. त्यांच्या ताटात इंग्रजांच्या मानाने घट्ट चरबी कमी आणि भाज्यांचा चोथा जास्त होता. म्हणजे पुस्तकाप्रमाणे पाहिले तर आपले जेवण इंग्रजांपेक्षा बरेच होते, आणि तरी आजार आपल्यातच अधिक. तेव्हा सगळा दोष फिश अँड चिप्सवर टाकून मोकळे होता येत नाही.

याचा एक धागा पुण्यात सापडतो. तिथल्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, २२.३. पण यंत्राने अंगातली चरबी मोजली तेव्हा यडकिनांची ९ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१ टक्के. यडकिन मॅरेथॉन धावणारे हे खरे, पण तेवढ्याने एवढा फरक पडत नसावा, असे आम्हाला वाटते. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली बाळेही मोजली. ती सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे सगळीकडून बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखून. स्नायू कमी, चरबी पोटाशी, अशी ही ठेवण. त्यामुळे बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्याही यकृतात चरबी साठते, इन्सुलिन नीट काम करीत नाही आणि साखर रक्तातच राहते.

ठेवण अशी असली तरी जागा बदलली की फरक पडतो, आणि तोही मोठा. येमेनहून इस्राएलमध्ये नव्याने आलेल्या यहुदी लोकांत मधुमेह जवळजवळ नव्हताच. तिथे पंचवीस वर्षे राहिलेल्या येमेनी लोकांत मात्र तो शंभरात तिघांना होता, असे डॉ. कोहेन यांनी १९६१ साली दाखवले. येमेनमध्ये त्यांच्या खाण्यात साखर फारशी नव्हती, इस्राएलमध्ये ती रोजची झाली.

आपल्या घरांतही हेच घडले. कोकणात तांदळाची भाकरी, मासळी, वालाचे बिरडे, नारळाच्या दुधातले कालवण. दिवस घाणीवर, शेतात आणि पायी चालण्यात जायचा. चिकाचा हलवा रोश हशानाला, करंज्या सणाला, मलिदा नवसाला. आता हलवा डब्यात कायम असतो, चहाबरोबर बिस्किटे असतात, भात पांढरा आणि पोटभर, आणि बसचा थांबा दारात. पदार्थ तेच, पण सणाचे ताट रोजचे झाले.

म्हणून आपले जेवण सोडू नका, पण ताटाची वाटणी बदला. अर्धे ताट भाजी, पाव भाग मासळी किंवा वाल-मूग, उरलेल्या पावात भात किंवा चपाती, दोन्ही नको. नारळाचे दूध पातळ करून घ्या. किद्दुशच्या मनुकांच्या सरबतात साखर पुष्कळ असते, तिथे घोटभर पुरे.

घरात एक दोरी घ्या. ती आपल्या उंचीइतकी कापून दुमडा. ती अर्धी दोरी पोटाभोवती, बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, पुरली पाहिजे. न पुरल्यास डॉक्टरांना सांगा. उंची-वजनाच्या तक्त्यात गोऱ्यांना २५ पासून जादा वजन धरतात, आपल्याला २३ पासून, आणि ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनातच तसे लिहिलेले आहे. तेव्हा कोणी वरवर बघून "तुम्ही तर बारीक आहात" म्हणाले तरी एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागून घ्या. ४२ ते ४७ आले तर सावध व्हायचे, ४८ किंवा वर म्हणजे मधुमेह.

ज्यांना आधीच इन्सुलिन किंवा ग्लिक्लाझाइडची गोळी चालू आहे त्यांनी भात-चपाती एकदम तोडू नये. साखर फार खाली गेली तर घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे भरकटते, आणि आपल्या वयात त्यातच माणूस पडतो. अशा वेळी लगेच साखरपाणी द्यावे. किप्पुरचा उपास करायचा असेल तर दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांचे विचारा. ते नको म्हणाले तर उपास करू नका. जीव वाचवण्यासाठी उपास मोडण्याची मुभा आपल्या धर्मातच आहे.